पळणारी विहीर

बोरदरे गावात चौसष्ट विहिरी होत्या आणि त्या सगळ्या शुभांगी भिंगारदिवेनं एका नकाशावर आणून बसवल्या होत्या.

शेवगावला बाजार समितीच्या मागं दोन खोल्यांत पाणलोटाचं काम करणारी एक लहानशी संस्था होती. तिथं ती वर्षापूर्वी नोकरीला लागली. नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली तेवीस वर्षांची मुलगी. तिला घेतलं होतं ते विहिरींच्या पाण्याचे आकडे टाइप करायला. पण संस्थेचे प्रमुख गोरक्ष तांबे पुण्यात कुणाकडं तरी इंटरनेट बघून आले आणि आल्या आल्या तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

"शुभांगी, आपल्या विहिरी जगाला दिसल्या पाहिजेत. जमेल का?"

"जमेल," ती म्हणाली, आणि मग कसं जमवायचं ते शिकायला बसली.

नगरहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यातलं निम्मं कळलं, निम्मं करून बघितल्यावर कळलं. वेबच्या पानावर मराठी अक्षरं धड उमटायची नाहीत, म्हणून तिनं प्रत्येक मालकाचं नाव चित्रासारखं काढून पानावर चिकटवलं. अडीच महिने ती यात बुडालेली होती. एकोणीसशे नव्याण्णवचा जानेवारी उजाडला आणि नकाशा उभा राहिला.

पडद्यावर सगळं गाव एकदम मावत नव्हतं. म्हणून माउसचं बटण दाबून ओढलं की नकाशा सरकायचा, ओढ्याकडून डोंगराकडं, डोंगराकडून गावठाणाकडं. विहिरी म्हणजे निळे ठिपके. ठिपक्यावर बटण दाबलं की एक चौकट उघडायची. तीत मालकाचं नाव, विहिरीची खोली आणि जूनपासून दर पंधरवड्याला पाणी किती होतं त्याच्या उभ्या निळ्या पट्ट्या. एकाच जागी दोनदा झटपट दाबलं की नकाशा मोठा व्हायचा. शुभांगीनं तो शंभरदा चालवून पाहिला होता. तांबे सरांनी पाहिला होता. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं चालवला आणि मान डोलावली होती.

मग लंकाबाई ढाकणे आल्या.

लंकाबाई बोरदऱ्याच्याच. पंचावन्नच्या पुढं वय, चौथी शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या. नकाशातला एकूण एक आकडा त्यांनी मोजलेला होता. दर पंधरा दिवसांनी खांद्यावर टेप टाकून त्या चौसष्ट विहिरी फिरायच्या, टेपच्या टोकाचं वजन आत सोडायच्या, पाण्याला टेकलं की आकडा कागदावर लिहायच्या. तो कागद द्यायला त्या एसटीनं शेवगावला आल्या होत्या.

"मावशी, बसा इथं," शुभांगीनं आपली खुर्ची त्यांना दिली. "तुमची विहीर तुम्हीच उघडून बघा."

"म्या?"

"मग काय! तुम्हीच तर मोजलीय."

लंकाबाईंनी पदर खोचला आणि माउस धरला. बोटांनी नाही, अख्ख्या पंजानं, परात धरावी तसा. बाण सरकवत सरकवत त्यांनी आपल्या ठिपक्यावर आणला. श्वास रोखला. बटण दाबलं.

चौकट उघडली नाही. नकाशाच थोडा सरकला.

त्यांनी पुन्हा बाण नेला, पुन्हा दाबलं. पुन्हा नकाशा सरकला आणि ठिपका बाणाखालून निसटला.

"अगं, ही पळती की!" लंकाबाई म्हणाल्या. "म्या धराया गेले की ही पळती!"

तांबे सर हसले. शुभांगीही हसली. तिनं माउस हातात घेऊन ठिपक्यावर दाबलं आणि चौकट पटकन उघडली. "हे असं, मावशी. हलक्या हातानं."

लंकाबाईंनी हलक्या हातानं करून पाहिलं. विहीर पळाली. दहा वेळा केलं असेल. दोनदा चौकट उघडली, पण तेवढ्यात खालचा नकाशाही सरकला, म्हणजे चौकट एकीकडं आणि विहीर दुसरीकडं. शेवटी वैतागून त्यांनी दोनदा दाबलं, तर नकाशा एवढा मोठा झाला की पडद्यावर नुसती पिवळी माळजमीन उरली. गाव कुठं गेलं ते कळेना.

लंकाबाईंनी हात काढून मांडीवर ठेवला.

"जाऊ दी पोरी. रानातला हात हाय माजा. ह्याला न्हाई जमायचं."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि एसटीला अजून वेळ असताना त्या उठून गेल्या.

त्या गेल्यावर शुभांगीनं माउस उलटा केला, आतली गोळी काढली, कापसानं पुसली. धूळ होतीच थोडी. पण घोडं तिथं अडलेलं नव्हतं हे तिला गोळी पुसतानाच कळत होतं.

तांबे सरांनी सरळ उपाय काढला. सव्वीस जानेवारीला बोरदऱ्यात ग्रामसभा होती. गावातली काही मंडळी हिवरे बाजार बघून आली होती आणि तेव्हापासून एक विषय गावात फिरत होता: वर्षभर नवीन बोअर घ्यायचा नाही. त्यावर ग्रामसभेत बोलणं व्हायचं होतं, आणि त्याआधी प्रत्येकाला आपापल्या विहिरीचं पाणी दाखवावं असं संस्थेनं ठरवलं होतं.

"कॉम्प्युटर जीपमधून नेऊ," सर म्हणाले. "तूच चालव. लोक बघतील. त्यांनी कशाला हात लावायचा?"

"सर, मग ते म्हणतील, संस्थेनं दाखवलं तेवढं आम्ही पाहिलं."

"म्हणू देत की. पाणी तर खरं आहे ना?"

शुभांगीनं पुढं वाद घातला नाही. पण संध्याकाळी घरी ती आईकडं बघत बसली. रतनबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्या लहान असतानाची एक गोष्ट त्यांनी शुभांगीला एकदाच, सहज बोलता बोलता सांगितली होती. गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, विहिरीला हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओतील तेव्हा भरायची. घाई असली तरी उभं राहायचं. छप्पन साली नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी बौद्ध धम्म घेतला, त्यात भिंगारदिवे होते, रतनबाईंचं माहेरही होतं. पण घागरी घेऊन उभं राहणं त्यानंतरही काही वर्षं सुटलं नव्हतं.

बोरदऱ्याच्या नकाशात बौद्धवस्तीची विहीर होती. तेवढाच ठिपका, तोच निळा. शुभांगीनं तो मुद्दाम तसा केला नव्हता, सगळेच तसे होते. पण सरांचं "त्यांनी कशाला हात लावायचा" हे तिच्या मनात रुतून बसलं. सरांच्या मनात तसलं काही नव्हतं हेही तिला ठाऊक होतं. तरी बसलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती ठरवूनच. हात बदलायचा नाही, नकाशा बदलायचा.

आधी बघायला हवं होतं की होतंय काय. तिनं पानाच्या प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. बटण दाबलं तेव्हा बाण कुठं होता आणि सोडलं तेव्हा कुठं, याची नोंद पानाच्या तळाशी उमटायला लागली. मग आठवडी बाजाराला आलेल्या ओळखीच्या सात-आठ जणांना तिनं चहाच्या निमित्तानं आत बोलावलं आणि एकेकाला विहीर उघडायला सांगितली. लंकाबाईंना निरोप धाडला होता. त्या आल्या, पण दारातच थांबल्या.

"परत कशाला गं? त्या दिशी झाली की फजिती."

"फजिती माझी झाली, मावशी. तुमची नाही. ती कुठं झाली ते शोधायचंय, त्याला तुमचा हात पाहिजे."

लंकाबाईंनी तिच्याकडं जरा बघितलं आणि आत येऊन बसल्या. त्यांनी चाळीस वेळा बटण दाबलं. कुरकुर केली नाही.

सगळे गेल्यावर शुभांगीनं आकडे मांडले आणि तिचं तिलाच हसू आलं. पडद्यावर चित्र ज्या बारीक कणांचं बनतं त्यांना पिक्सेल म्हणतात. बटण दाबून सोडेपर्यंत तिचा स्वतःचा हात एखादाच पिक्सेल हलत होता. तांबे सरांचा दोन. बाजारातल्या माणसांचा चार, पाच. लंकाबाईंचा सहा, कधी सात. बटण जोर लावून दाबायची सवय, त्यात पंजा थोडा पुढं जायचाच. आणि शुभांगीच्या नकाशाला एवढंच शिकवलेलं होतं, की दाबल्यावर बाण जरा जरी हलला तरी माणसाला नकाशा ओढायचाय. नकाशा तिनं आपल्या हातावर बेतला होता. ज्यांनी विहिरी खणल्या, ज्यांनी मोजल्या, त्यांच्या हाताला तो नेमका चुकत होता.

विहीर उघडण्यासाठी दाबायचं आणि नकाशा ओढण्यासाठीही दाबायचं. एकाच बोटाचे दोन अर्थ. आणि वर घाई. बोट खाली जाताच, माणसाला काय हवंय ते कळायच्या आत, नकाशा निकाल देऊन मोकळा होत होता.

तिनं निकाल पुढं ढकलला. बटण दाबलं की काहीच करायचं नाही, थांबायचं. बटण सुटेपर्यंत हात आठ पिक्सेलच्या आत राहिला, तर माणसाला विहीर हवी होती. त्या बाहेर गेला, तर नकाशा सरकवायचा आणि विहिरीनं गप्प बसायचं.

दुसरी खोड निराळी होती. ठिपका नकाशावर बसलेला. ठिपक्याला लागलेला दाब तिथंच थांबत नव्हता, तो झिरपून खालच्या नकाशालाही लागत होता. म्हणून चौकट उघडत असतानाच नकाशा सरकायचा. पुस्तकात शोधता शोधता तिला एक ओळ सापडली. ती घातली की ज्या ठिपक्यानं दाब घेतला तो तिथंच जिरायचा, पुढं जायचा नाही. तीन दिवस डोकं धरून बसवलेलं कोडं त्या एका ओळीनं सुटलं.

दोनदा दाबून मोठं करणं तिनं काढूनच टाकलं. त्याऐवजी कडेला दोन मोठी बटणं काढली, एकावर 'जवळ', एकावर 'लांब'.

पुढच्या बाजारी लंकाबाई आल्या. पंजानंच माउस धरला, जोरानंच दाबला. चौकट उघडली. 'लंकाबाई यशवंत ढाकणे, खोली अडतीस फूट.'

त्यांनी लगेच शेजारची विहीर उघडली. मग तिच्या पलीकडची. मग ओढ्याकाठच्या एकामागून एक. प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून त्या पुटपुटत होत्या, "व्हय, त्या दिशी पाऊस हुता... व्हय, हितं टेप पुरला न्हाई, दोर जोडला हुता..." असं करत बसल्या आणि त्यांची दुपारची एसटी गेली.

"सर," शुभांगी म्हणाली, "सव्वीस तारखेला मी चालवणार नाही. मावशी चालवतील. आणि ज्याला पाहिजे तो."

तांबे सरांनी लंकाबाईंच्या हाताकडं पाहिलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

सव्वीस जानेवारीला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपनं बोरदऱ्याला गेला. झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला आणि शाळेच्या मोठ्या खोलीत माणसं जमली. साठेक असतील. फोनची तार नव्हती, पण पान कॉम्प्युटरमध्येच साठवलेलं होतं, त्यामुळं अडत नव्हतं. लाइटही टिकून होती. लंकाबाईंनी आपली विहीर उघडून दाखवली आणि मग एकेक जण पुढं येऊ लागला. कुणी पंजानं, कुणी दोन बोटांनी, एका म्हाताऱ्यानं तर दोन्ही हातांनी माउस धरला. विहिरी उघडत होत्या. बौद्धवस्तीतल्या आसाराम साळव्यांनी वस्तीची विहीर उघडली, शेजारच्या पाटलांच्या मळ्यातलीही उघडून पाहिली आणि समाधानानं मागं जाऊन बसले. शुभांगी भिंतीला टेकून उभी होती. तिला काही करावंच लागत नव्हतं.

मग बन्सी काकडे उठला.

बन्सी आणि कारभारी हे चुलत भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा बांधाच्या अलीकडं एक, पलीकडं एक अशी रानं आली आणि दोघांनी बांधाला लागूनच, पंधरा पावलांच्या अंतरावर, विहिरी खणल्या. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून बन्सीचं म्हणणं, कारभारी माझं पाणी ओढतो. कारभारीचं म्हणणं, बन्सी माझं ओढतो. बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. पुढच्याच महिन्यात बन्सी साडेचारशे फुटांचा बोअर घेणार होता. मशीनवाल्याची तारीख ठरली होती. ग्रामसभेतल्या त्या विषयाचं खरं मूळ हेच आहे हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त नाव कुणी घेत नव्हतं.

बन्सीनं बाण आपल्या रानावर नेला आणि दाबलं. चौकट उघडली: 'कारभारी सखाराम काकडे'.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा कारभारी. जरा डावीकडं दाबलं. कारभारी.

"माजी हीर कुटंय?" त्यानं मागं वळून विचारलं.

"'जवळ' दाबा ना काका," शुभांगी पुढं झाली. त्यानं दाबलं. नकाशा मोठा झाला. जिथं एक जाड ठिपका दिसत होता तिथं आता दोन दिसायला लागले, पण एकावर एक चढलेले. आणखी मोठं होत नव्हतं. बन्सीनं खालच्या ठिपक्याच्या उघड्या कडेवर नेम धरला, हात नेहमीसारखा सरकला, आणि उघडला तो वरचा.

"बघा," बन्सीचा आवाज चढला, "रानात त्यानं माजी हीर खाल्ली आन् आता नकाशात बी खाल्ली! कुनी काढलाय ह्यो? संस्थेनं त्याचीच हीर वर ठिवली?"

"तोंड सांबाळून बोल!" मागून कारभारी उठला. तांबे सर मध्ये जायला निघाले.

शुभांगीला एका क्षणात कळलं होतं काय झालंय ते. दाब वरच्या ठिपक्यातच जिरवणारी ती एक ओळ. तिच्यामुळं नकाशा हलायचा थांबला होता, पण वरच्या ठिपक्याखाली दुसरा ठिपका असेल तर त्याला दाब कधीच पोचणार नव्हता. चौसष्ट नावं तिनं यादीत मोजली होती, पडद्यावर ठिपके मोजले नव्हते.

"बन्सीकाका," ती मोठ्यानं म्हणाली. "चूक माझी आहे. संस्थेची नाही, कारभारीकाकांची नाही. नकाशा मी काढला. तुमची विहीर त्यात आहे, पण ती उघडायची वाट मीच बंद करून ठेवलीय. मला अर्धा तास द्या. इथंच बसून, तुमच्यासमोर नीट करते."

"समोर म्हंजी?"

"म्हणजे माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसा."

लंकाबाईंनीच खुर्ची सरकवली. "बस की आता! आन् बाकीच्यांनी कालवा करू नगा. पोरीला काम करू द्या. च्या आनायला सांगा कुनीतरी."

शुभांगी टेबलाशी बसली. साठ जणांच्या नजरा पाठीवर घेऊन तिनं आजवर कधी काम केलं नव्हतं. पण विचार मात्र सरळ आला. आतापर्यंत नकाशा विचारत होता, वर कोण आहे? जो वर, त्याचा दाब. प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं, की बाणाच्या आसपास कोण कोण आहे? आणि जे जे असतील त्या सगळ्यांच्या चौकटी शेजारी शेजारी उघडायच्या.

तिनं ओळी लिहिल्या. पहिल्यांदा चालवलं तर काहीच उघडलं नाही, कुठलीच विहीर नाही. मागं कुजबुज झाली. तिनं ओळी वरपासून वाचल्या. एक कंस राहिला होता. तो घातला. दरम्यान बन्सी तिच्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून, पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांकडं एकटक बघत बसला होता.

"आता दाबा, काका."

बन्सीनं दाबलं. दोन चौकटी उघडल्या. डावीकडं 'कारभारी सखाराम काकडे', उजवीकडं 'बन्सी विठोबा काकडे'.

"ही माजी," बन्सी म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला.

शुभांगी सुटकेचा श्वास सोडून उठणार, तेवढ्यात तिची नजर पट्ट्यांवर पडली. डावीकडं सोळा पट्ट्या, उजवीकडं सोळा पट्ट्या. ऑगस्टात दोन्हीकडं चढ, सप्टेंबरात दोन्ही भरलेल्या, मग पायरीपायरीनं दोन्ही खाली. अर्ध्या फुटाचाही फरक नाही. आठ महिने हे आकडे ती टाइप करत होती. पण एकेका कागदावरून, एकेका विहिरीचे. या दोन विहिरी शेजारी ठेवून तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. कुणीच पाहिल्या नव्हत्या.

"मावशी," तिनं लंकाबाईंना बोलावलं, "हे बघा."

लंकाबाई वाकल्या. डिसेंबरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "कारभारी, ह्या पंधरवड्यात तुजी मोटर जळाल्ती ना?"

"व्हय. अकरा दिस बंद हुती," कारभारी मागून म्हणाला.

"मंग पानी बघ. बंद असून बी एक फूट उतरलं."

"मी म्हनत न्हवतो का!" कारभारी गर्दीतून पुढं आला. "ह्यानंच वडलं!"

"दम धर," लंकाबाईंनी बोट उजव्या चौकटीत, दिवाळीच्या पट्टीवर नेलं. "आन् बन्सी, दिवाळीला तू लेकीकडं गेल्ता. बारा दिस कुलूप हुतं घराला. मोटरीला हात न्हाई कुनाचा. तुज्या हिरीचं बघ."

बन्सीनं बघितलं. ती पट्टीही उतरलेली होती. तेवढीच.

दोघे चुलत भाऊ एका पडद्यासमोर उभे होते. सहा वर्षांत इतक्या जवळ ते उभे राहिले नव्हते. मागच्या माणसांना पट्ट्या दिसत नव्हत्या, तरी काय झालंय ते त्यांनाही उमगलं होतं.

"म्हंजी पानी एकच हाय," शेवटी कारभारीच म्हणाला. "तोंडं दोन, पोट एक."

बन्सीनं मान हलवली नाही, पण नाकारलंही नाही. तो तांबे सरांकडं वळला. "सायेब, म्या साडेचारशे फूट गेलो, तर काय हुईल?"

"पाणी लागलं तर लागेल. पण वरचं हे दोघांचं पाणी तुमच्याच बोअरमध्ये उतरण्याची भीती आहे. मग विहिरी दोन्ही कोरड्या."

"माजी बी?"

"तुमची बी."

बन्सी पुन्हा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मशीनवाल्याला निरोप धाडावा लागंल मंग." एवढंच. पण खोलीत अशी कुजबुज उठली की सरपंचांना टेबलावर हात आपटावा लागला.

ठराव झाला. वर्षभर नवीन बोअर नाही. सगळे हात काही वर गेले नाहीत, दहा-बारा जण हाताची घडी घालून बसून राहिले आणि दोघे तर उठून गेले. तांबे सरांनी त्यांना अडवलं नाही. "त्यांच्याकडं पुढच्या आठवड्यात घरी जाऊ," ते शुभांगीला म्हणाले. "नकाशा घेऊन नाही. चहा प्यायला."

काकडे भावांचं मनोमीलन वगैरे काही झालं नाही. त्या उन्हाळ्यातही ते एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. पण मोटरी एक दिवसाआड चालायला लागल्या, एक दिवस याची, एक दिवस त्याची. मार्चात कारभारीची मोटर सलग दोन दिवस चालली तेव्हा बन्सी बांधावर येऊन नुसता उभा राहिला, आणि कारभारीनं मोटर बंद केली. आदल्या वर्षी त्या विहिरी एप्रिलच्या सुरुवातीला तळाला गेल्या होत्या. या वर्षी मेचा दुसरा आठवडा उजाडला तरी सकाळी अर्धा तास मोटर चालत होती. बन्सीच्या रानातली लिंबूबाग जगली.

नकाशा फेब्रुवारीत इंटरनेटवर गेला. पुण्या-मुंबईहून, एक तर पार ऑस्ट्रेलियातून, अशी तीन पत्रं आली. तांबे सरांनी ती फाइलीला लावली.

जूनमध्ये पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावानं संस्थेला बोलावलं. त्यांच्याकडं एकशे दहा विहिरी होत्या, आणि भांडणंही त्याच मानानं. शुभांगी आणि लंकाबाई बरोबरच गेल्या. गावच्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. त्यांना वाटलं, बाई आता कागद काढतील, नावं विचारतील. शुभांगीनं पिशवीतून आधी माउस काढला आणि सगळ्यांत पुढं बसलेल्या बाईच्या हातात दिला.

"धरून बघा," ती म्हणाली. "तुम्ही कसा धरता ते मला आधी बघू द्या. नकाशा मग काढू."